चालू झेड/ओएस कुठल्या सेटिंगवर आयपीएल झालीय, आणि पुढच्या वेळी कशावर होईल, हे कसं बघायचं

मेनफ्रेमच्या, म्हणजे आयबीएमच्या झेड/ओएस ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणाऱ्या मोठ्या कॉम्प्युटरच्या, टीममध्ये नवीन आलात की पहिल्या काही दिवसांतच कोणीतरी विचारतं, "अरे ही सिस्टीम कुठल्या लोड मेंबरवर उठलीय बघ जरा", आणि आपण सरळ पार्मलिब, म्हणजे सिस्टीमच्या सेटिंगची लायब्ररी, उघडून त्यातला मेंबर, म्हणजे त्यातली फाइल, वाचायला बसतो (लोड मेंबर म्हणजे उठताना कुठली सेटिंग कुठून घ्यायची ते सांगणारा मेंबर). उत्तर तिथे नाहीये. पार्मलिबमध्ये दिसतं ते आत्ता फाइलीत काय लिहिलंय ते, सिस्टीमने उठताना काय वाचलं ते वेगळं असू शकतं, आणि पुढच्या वेळी काय वाचेल ते अजून वेगळं. हे तीन वेगळे प्रश्न आहेत एवढं डोक्यात पक्कं बसलं की बाकी सगळं कमांड पाठ करण्याचं काम आहे, म्हणून मी हा लेख त्याच क्रमाने लिहितोय, आधी सिस्टीमला विचारायचं, मग फाइल वाचायची, मग पुढच्या आयपीएलचा अंदाज घ्यायचा.

आयपीएल म्हणजे इनिशियल प्रोग्रॅम लोड, बाकी जग ज्याला बूट म्हणतं तेच. शब्द जुना आहे, १९६४ साली सिस्टीम/३६० आली तेव्हापासूनचा, आणि आजही मेनफ्रेमवाला "बूट केली" म्हणत नाही, "आयपीएल केला" म्हणतो, तुम्हीही तसंच म्हणायची सवय करा म्हणजे ऑपरेटरशी बोलताना गोंधळ होत नाही.

एक सूचना आधीच देऊन ठेवतो. इथे सगळ्या कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात. टर्मिनलवर त्या अर्थातच इंग्रजी अक्षरात टाकायच्या. "डी" म्हणजे डिस्प्लेचं पहिलं अक्षर, त्यानंतर एक स्पेस, मग पुढचा शब्द, आणि स्वल्पविराम जिथे दाखवलाय तिथे स्पेस न देता स्वल्पविरामच.

कमांड कुठून टाकायची

तुमच्याकडे एमव्हीएस कन्सोल, म्हणजे ऑपरेटरचा कमांड टाकायचा स्क्रीन, नसणार, नवीन माणसाला तो देतही नाहीत, पण एसडीएसएफ, म्हणजे जॉब आणि लॉग बघायचं टूल, बहुतेक असतं. एसडीएसएफच्या कमांड लाइनवर आधी स्लॅश आणि लगेच कमांड, म्हणजे स्लॅश डी आयपीएलइन्फो. उत्तर अर्धवट दिसलं तर यूलॉग पॅनेल उघडा, तिथे तुमच्या कमांडची उत्तरं सलग मिळतात. आयईई३४५आय नंबरचा मेसेज आला आणि त्यात ऑथॉरिटी इनव्हॅलिड असं लिहिलं असेल तर तुमचं काही चुकलेलं नाही, सिक्युरिटी प्रॉडक्टने अडवलंय. रॅकएफ असेल तर ऑपरसीएमडीएस क्लासमधल्या एमव्हीएस.डिस्प्ले ने सुरू होणाऱ्या प्रोफाइलवर रीड अ‍ॅक्सेस लागतो, सिक्युरिटीवाल्यांना नेमकं एवढंच सांगा म्हणजे ते जास्त प्रश्न विचारत नाहीत. डिस्प्ले कमांडने सिस्टीममध्ये काहीही बदलत नाही, त्यामुळे प्रॉडक्शनवर टाकायला घाबरू नका. पण डी च्या जागी सेट, सेटप्रोग, सेटलोड असलं काही टाकायचं असेल तर ती वेगळी गोष्ट आहे, त्याला परवानगी लागते आणि चेंज रेकॉर्डही लागतो, हे या लेखात आपण करणार नाही आहोत.

पहिली कमांड: डी आयपीएलइन्फो

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. उत्तर साधारण असं येतं, हा नमुना आहे, नावं आणि आकडे तुमच्याकडे वेगळे असतील:

आयईई२५४आय १०.२४.०५ आयपीएलइन्फो डिस्प्ले
सिस्टम आयपीएल्ड अ‍ॅट ०६.१२.४० ऑन ०३/१७/२०२४
रिलीझ झेड/ओएस ०२.०५.०० लायसन्स = झेड/ओएस
यूज्ड लोडपी१ इन सिस०.आयपीएलपार्म ऑन ००ए८२
आर्कलेव्हल = २ एमटीएलशेअर = एन
आयईएसिम लिस्ट = (००,पी१)
आयईएसिस लिस्ट = (००,पी१) (ओपी)
आयओडीएफ डिव्हाइस: ओरिजिनल(००ए८२) करंट(००ए८२)
आयपीएल डिव्हाइस: ओरिजिनल(००ए८०) करंट(००ए८०) व्हॉल्यूम(झेड२५आरएस१)

आता ओळ ओळ घेऊ. दुसऱ्या ओळीतली वेळ आणि तारीख कागदावर लिहून ठेवा, खरंच लिहा, पुढे तिचाच सगळ्यात जास्त उपयोग होणार आहे. तारीख महिना आधी, दिवस नंतर अशी आहे, म्हणजे वरची तारीख १७ मार्च. रिलीझ म्हणजे झेड/ओएस २.५.

चौथी ओळ सांगते की लोडपी१ नावाचा मेंबर वापरला, तो सिस०.आयपीएलपार्म या डेटासेटमधून (मेनफ्रेमवर फाइलीला डेटासेट म्हणतात, अशा डेटासेटमध्ये अनेक मेंबर असतात) आला आणि तो डेटासेट ०ए८२ या पत्त्याच्या डिस्कवर आहे. नव्या रिलीझमध्ये पत्ता पाच अंकी दिसतो, सगळ्यात डावीकडचा अंक सबचॅनल सेटचा असतो, शून्य असेल तर नेहमीचा चार अंकी पत्ताच धरायचा. हे पत्ते हेक्साडेसिमल असतात, म्हणून मध्ये ए, बी, सी अशी अक्षरं येतात, नवीन लोक त्याला टायपो समजतात.

आर्कलेव्हल २ म्हणजे ६४ बिटचं झेड/आर्किटेक्चर, तिथे थांबायची गरज नाही. पुढच्या दोन ओळी मात्र महत्त्वाच्या. आयईएसिम लिस्ट म्हणजे सिस्टीम सिंबॉल (मेंबरमध्ये लिहायची नावं, ज्यांच्या जागी सिस्टीम खरी किंमत बसवते) कुठल्या मेंबरमधून घेतले, आणि आयईएसिस लिस्ट म्हणजे सिस्टीमचे मुख्य पॅरामीटर कुठल्या मेंबरमधून घेतले. शेवटी कंसात ओपी दिसतंय ना, ते कधीही नजरेतून सुटू देऊ नका. त्याचा अर्थ ही लिस्ट लोड मेंबरमधून आलेली नाही, आयपीएलच्या वेळी ऑपरेटरने कन्सोलवर स्वतः दिलीय. म्हणजे पुढच्या वेळी ऑपरेटरने तसंच उत्तर दिलं नाही तर सिस्टीम वेगळ्या पॅरामीटरवर उठेल. मी स्वतः ओपी दिसलं की आधी त्या दिवसाचा शिफ्ट लॉग शोधतो, कोणी आणि का दिलं हे कळेपर्यंत बाकी काही बघत नाही.

शेवटच्या दोन ओळींत, म्हणजे आयओडीएफच्या (हार्डवेअरच्या कॉन्फिगरेशनची फाइल) आणि आयपीएलच्या डिस्कच्या ओळीत, ओरिजिनल आणि करंट असे दोन पत्ते आहेत. सहसा दोन्ही सारखेच असतात. वेगळे दिसले तर आयपीएलनंतर डिस्क बदललीय, हायपरस्वॅपसारख्या प्रकाराने प्राथमिक डिस्कवरून तिच्या जोडीदार डिस्कवर काम गेलंय. अशा वेळी पुढचा आयपीएल जुन्या पत्त्यावरून करायचा की नव्या, हे स्टोरेजवाल्यांना विचारल्याशिवाय एचएमसीवर (जिथून मशिन चालवतात आणि आयपीएल करतात तो हार्डवेअर कन्सोल) हात लावायचा नाही, कारण जुन्या पत्त्यावरची कॉपी शिळी असू शकते.

लोडपार्मची आठ अक्षरं

ऑपरेटर एचएमसीवर लोड टास्क उघडतो तेव्हा दोन गोष्टी भरतो, लोड अ‍ॅड्रेस आणि लोड पॅरामीटर. लोड अ‍ॅड्रेस म्हणजे सिसरेस व्हॉल्यूमचा, म्हणजे खुद्द झेड/ओएस ज्या डिस्कवर आहे तिचा, पत्ता, वरच्या उदाहरणात ०ए८०, हार्डवेअर तिथूनच पहिला आयपीएल टेक्स्ट वाचतं. लोड पॅरामीटर, ज्याला सगळे लोडपार्मच म्हणतात, तो आठ अक्षरांचा असतो. आपल्या उदाहरणात तो ०ए८२पी१एम१ असा असेल, तो असा तोडायचा: पहिली चार म्हणजे आयओडीएफ असलेल्या डिस्कचा पत्ता ०ए८२, पुढची दोन लोड मेंबरचं शेपूट पी१, सातवं अक्षर एम, आणि आठवं न्यूक्लियसचा (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) नंबर १.

सातव्या अक्षराला आयएमएसआय म्हणतात, आयपीएल चालू असताना मेसेज किती दाखवायचे आणि ऑपरेटरला प्रश्न विचारायचे की नाही हे ते ठरवतं. एम दिलं तर माहितीचे मेसेज दिसतात पण काही विचारत नाही. टिंब दिलं किंवा रिकामं सोडलं तर मेसेजही दाबले जातात आणि विचारतही नाही. ए दिलं तर मेसेज दाखवतं आणि मास्टर कॅटलॉग (कुठला डेटासेट कुठल्या डिस्कवर आहे याची मुख्य यादी), सिस्टीम पॅरामीटर दोन्ही विचारतं. माझं मत विचाराल तर रोजच्या आयपीएलला एम ठेवावं, कारण काही बिघडलंच तर निदान कुठपर्यंत गाडी गेली होती ते दिसतं, टिंब ठेवलं की अंधारात चाचपडत बसायचं.

लोडपार्म रिकामाच ठेवला तर काय होतं? आयओडीएफचा पत्ता सिसरेसचाच धरला जातो, लोड००  मेंबर शोधला जातो आणि न्यूक्लियस १ घेतला जातो. म्हणून ज्या सिस्टीमवर लोडपार्म लागतो तिथे तो चुकून रिकामा राहिला तर भलत्याच मेंबरवर आयपीएल सुरू होऊ शकतो.

डी आयपीएलइन्फोमध्ये लोडपार्म जसाच्या तसा येत नाही, पण यूज्ड लोडपी१ आणि आयओडीएफ डिव्हाइसवरून पहिली सहा अक्षरं जुळवता येतात. एसडीएसएफमध्ये सिस नावाचं पॅनेल असेल तर उजवीकडे सरकत जा, तिथे लोडपार्मचा, आयपीएल व्हॉल्यूमचा आणि आयपीएलच्या तारखेचा वेगवेगळा कॉलम मिळतो, आणि सिस्प्लेक्समधल्या, म्हणजे एकत्र जोडलेल्या गटातल्या, सगळ्या सिस्टीम एका खाली एक दिसतात म्हणून एखादी वेगळी असेल तर लगेच डोळ्यात भरते.

लोड मेंबर उघडून वाचणं

आता फाइलीकडे. आयएसपीएफ (टर्मिनलवरचे मेनू आणि एडिटर) उघडून ३.४ पर्यायामध्ये डेटासेटचं नाव टाका, व्हॉल्यूमसकट टाकलं तर उत्तम, कारण सिस०.आयपीएलपार्म नावाचे डेटासेट एकापेक्षा जास्त व्हॉल्यूमवर असू शकतात आणि आयपीएलच्या वेळी कॅटलॉग उघडलेलाच नसतो, सिस्टीम थेट त्या डिस्कवर शोधते. मेंबरच्या पुढे बी (ब्राउझ) किंवा व्ही (व्ह्यू) टाका, ई (एडिट) कधीच नाही. एडिटमध्ये उघडून चुकून एक स्पेस सरकली तरी हा मेंबर बिघडतो, कारण यातली प्रत्येक ओळ कॉलमवर चालते, पहिल्या कॉलममध्ये शब्द आणि दहाव्या कॉलमपासून त्याची किंमत. व्ह्यूमध्ये कॉल्स लाइन लावून बघितलं तर कुठली किंमत कुठल्या कॉलममध्ये आहे ते नीट मोजता येतं.

सिस्टीम शोधते कुठे? आयओडीएफच्या डिस्कवर आधी सिस०.आयपीएलपार्म, मग सिस१, असं करत सिस९ पर्यंत, ते नसले तर त्याच डिस्कवरचा सिस१.पार्मलिब, तोही नसला तर सिसरेसवरचा सिस१.पार्मलिब. जो डेटासेट पहिला सापडला तोच, त्यात मेंबर नसेल तर पुढचा डेटासेट बघत नाही, सिस्टीम सरळ वेट स्टेटमध्ये जाते, म्हणजे तिथेच थांबते. म्हणून कोणीतरी प्रयोगासाठी त्या डिस्कवर नवा सिस०.आयपीएलपार्म बनवून ठेवला आणि तुमचा मेंबर सिस१ मध्ये असला तर पुढचा आयपीएल होणार नाही, आणि आज चालू असलेल्या सिस्टीमवर त्याचं काहीच लक्षण दिसणार नाही.

मेंबरमध्ये वाचायच्या ओळी या. आयओडीएफ ओळ, हार्डवेअरची कॉन्फिगरेशन कुठल्या फाइलीतून घ्यायची. तिथे दोन आकडे असतील तर नेमका तोच आयओडीएफ, दोन तारे असतील तर मशिनमध्ये सध्या जो टोकन (चालू हार्डवेअर कॉन्फिगरेशनची ओळखखूण) लोड झालेला आहे त्याच्याशी जुळणारा आयओडीएफ. तारे दिसले म्हणजे फाइल वाचून उत्तर कळणार नाही, त्यासाठी डी आयओएस,कॉन्फिग टाका, आयओएस५०६आय मेसेजमध्ये चालू आयओडीएफचं पूर्ण नाव, कॉन्फिगरेशन आयडी आणि टोकन सगळं येतं. सिसकॅट ओळ मास्टर कॅटलॉगची, कॉलम १० ते १५ मध्ये व्हॉल्यूम आणि कॉलम २० पासून कॅटलॉगचं नाव. सिसपार्म ओळ आयईएसिस मेंबरची शेपटं. आयईएसिम ओळ सिंबॉलची. आणि पार्मलिब ओळी, जास्तीत जास्त दहा, पॅरामीटर शोधायचे डेटासेट क्रमाने. सिस१.पार्मलिब तुम्ही लिहिला नाही तरी शेवटी आपोआप जोडला जातो.

सगळ्यात फसवा भाग फिल्टरचा आहे, एचडब्ल्यूनेम (मशिनचं नाव), एलपारनेम (एलपारचं, म्हणजे मशिनच्या एका स्वतंत्र भागाचं, नाव) आणि व्हीएमयूझरआयडी (झेड/व्हीएमखाली चालत असेल तर तिथला यूझर). एकच लोड मेंबर अनेक एलपारसाठी वापरतात, तेव्हा "एलपारनेम प्रॉड१" अशी ओळ आली की तिच्या खालच्या सगळ्या ओळी फक्त त्या एलपारसाठी लागू, आणि पुढचा फिल्टर येईपर्यंत हे चालूच राहतं. समजा कोणी मेंबरच्या तळाशी एक नवी पार्मलिब ओळ जोडली, सगळ्या सिस्टीमसाठी म्हणून, पण वर शेवटचा फिल्टर टेस्ट एलपारचा होता, तर ती ओळ फक्त टेस्टलाच मिळेल. नवा एचडब्ल्यूनेम आला की आधीचे एलपारनेम आणि व्हीएमयूझरआयडी पुसले जातात. म्हणून वाचताना बोट ओळीवर ठेवून, आत्ता कुठला फिल्टर चालू आहे हे मनात म्हणत खाली यायचं. मला तरी दुसरी पद्धत जमत नाही.

पॅरामीटर आणि पार्मलिबचा क्रम

आयईएसिस००  नेहमी आधी वाचला जातो, तुम्ही लिस्टमध्ये लिहा किंवा लिहू नका. त्यानंतर लिस्टमधले मेंबर डावीकडून उजवीकडे, आणि एकच पॅरामीटर दोन ठिकाणी असेल तर साधारणपणे नंतरचा जिंकतो. वर ऑपरेटरने आयईए१०१ए मेसेजला उत्तर देताना काही दिलं तर ते सगळ्यांवर मात करतं. आयईएसिसमध्ये खूप गोष्टी फक्त शेपूट असतात, सीएमडी=पी१ म्हणजे कॉमंडपी१ मेंबर (उठताना आपोआप टाकायच्या कमांडचा), प्रोग=(००,पी१) म्हणजे प्रोग००  आणि प्रोगपी१, ओएमव्हीएस, एसएमएफ, क्लॉक, कपल तसंच. म्हणजे एक मेंबर वाचून काम संपत नाही, धागा धरून पुढे जावं लागतं.

एखाद्या पॅरामीटरची खरी किंमत हवी असेल तर फाइली जुळवत बसू नका, डी आयपीएलइन्फो, आणि पुढे पॅरामीटरचं नाव, जसं डी आयपीएलइन्फो,सीएमडी. आयईई२५५आय मेसेजमध्ये सिस्टीमने घेतलेली किंमत मिळते. हे फार लोकांना माहीत नसतं आणि यातून अर्धा तास वाचतो.

मग डी पार्मलिब टाका. आयईई२५१आय मेसेज येतो, त्यात पार्मलिबचे डेटासेट क्रमाने, प्रत्येकाचा व्हॉल्यूम आणि एक फ्लॅग, एस म्हणजे लोड मेंबरमध्ये सांगितलेला, डी म्हणजे डिफॉल्ट. हा क्रम म्हणजे शोधायचा क्रम. एका नावाचा मेंबर दोन डेटासेटमध्ये असेल तर वरचा वाचला जातो, खालचा कोणी बघतही नाही.

यावरून मला एकदा चांगलंच शिकायला मिळालं. एका ठिकाणी कामाला होतो, नवीनच, कॉमंड मेंबरमध्ये दोन स्टार्टेड टास्क (कमांडने सुरू होऊन मागे चालणारे प्रोग्रॅम) जोडायच्या होत्या, मी सिस१.पार्मलिबमध्ये मेंबर उघडला, ओळी जोडल्या, दुसऱ्याकडून तपासूनही घेतलं. रविवारी पहाटे आयपीएल झाला आणि दोन्ही टास्क उठल्याच नाहीत. सकाळी सिसलॉग, म्हणजे सिस्टीमचा लॉग, उघडला तेव्हा आयईई२५२आय मेसेजमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं की कॉमंड मेंबर सापडला तो यूझर पार्मलिबमध्ये, जो क्रमात सिस१.पार्मलिबच्या वर होता आणि त्यात त्याच नावाचा जुना मेंबर पडून होता. मी ज्याच्याकडून तपासून घेतलं त्यानेही फक्त ओळींचं स्पेलिंग बघितलं होतं, डेटासेट नाही. तेव्हापासून मेंबर बदलायच्या आधी मी सिसलॉगमध्ये मागच्या आयपीएलचा आयईई२५२आय शोधतो, कारण तो मेसेज सरळ सांगतो, अमुक मेंबर अमुक डेटासेटमध्ये सापडला, यापेक्षा पक्का पुरावा नाही.

सिसलॉगच्या सुरुवातीला अजून काही मेसेज कामाचे असतात. आयईए३७१आय सांगतो आयपीएल पॅरामीटर कुठल्या डेटासेटमधून आणि कुठल्या डिव्हाइसवरून घेतले, आयईए२४६आय मध्ये लोड आयडी, आयईए५१९आय मध्ये आयओडीएफचं नाव, आयईए०९१आय मध्ये न्यूक्लियस, आयईए३७०आय मध्ये मास्टर कॅटलॉग. आयएमएसआय एम असेल तर हे सगळे एकापाठोपाठ मिळतात.

सिंबॉलसाठी डी सिंबॉल्स. आयईए००७आय मध्ये सिसनेम, सिसक्लोन, सिसप्लेक्स, सिसआर१ यांच्या चालू किमती येतात. पार्मलिबमधल्या मेंबरमध्ये अँपरसँड लावून सिसक्लोन लिहिलेलं दिसलं की तिथे खरं काय बसतं ते इथून बघायचं, मनाने धरायचं नाही.

पुढच्या आयपीएलला काय होईल

आता तो कागद काढा ज्यावर आयपीएलची तारीख लिहिली होती. प्रत्येक मेंबर जो धाग्यात आला, लोड, आयईएसिस, आयईएसिम, प्रोग, कॉमंड, त्याची चेंज्ड तारीख आयएसपीएफच्या मेंबर लिस्टमध्ये दिसते, शेजारी बदलणाऱ्याचा आयडी पण असतो. चेंज्ड तारीख आयपीएलच्या आधीची असेल तर साधारण जे वाचताय तेच सिस्टीमने वाचलेलं आहे. नंतरची असेल तर फाइल पुढे गेलीय आणि सिस्टीम मागे आहे, अशा प्रत्येक मेंबरची यादी करा आणि त्या आयडीच्या माणसाला विचारा की काय बदललं, चेंज नंबर काय. तारीख रिकामी असेल तर मेंबर स्टॅटिस्टिक्सशिवाय सेव्ह झालाय, बॅच जॉबने कॉपी केला असेल बहुतेक, तिथे जुन्या बॅकअपशी तुलना करावी लागते, आयएसपीएफचं सुपरसी त्यासाठी आहेच.

उलटी बाजूही तितकीच महत्त्वाची, आणि तीच जास्त राहून जाते. सिस्टीम चालू असताना कमांडने केलेले बदल मेमरीत असतात, मेंबरमध्ये नसतात. कोणीतरी सहा महिन्यांपूर्वी सेटप्रोग एपीएफ,अ‍ॅड करून एक लायब्ररी ऑथराइझ केली, म्हणजे विशेष अधिकार असलेल्या लायब्ररींच्या एपीएफ यादीत घातली, प्रॉडक्ट व्यवस्थित चाललं, प्रोग मेंबरमध्ये ओळ घालायची राहिली, पुढच्या आयपीएलनंतर ते प्रॉडक्ट एस०४७ अबेंड (प्रोग्रॅम मध्येच बंद पडल्याचा कोड) देऊन पडतं आणि सगळे प्रॉडक्टला दोष देतात. म्हणून डी प्रोग,एपीएफ ची यादी काढा आणि प्रोग मेंबरशी जुळवा. तसंच डी प्रोग,लिंकलिस्ट (प्रोग्रॅम शोधायच्या लायब्ररींची यादी), कमांडमध्ये ते एल-एन-के-एल-एस-टी असं लिहायचं. डी एएसएम ने पेज डेटासेट (मेमरीतली पानं ठेवायची डिस्कवरची जागा) बघा, आयपीएलनंतर कमांडने जोडलेला पेज डेटासेट आयईएसिसच्या पेज पॅरामीटरमध्ये आहे का. आयओडीएफ डायनॅमिक अ‍ॅक्टिव्हेट झालाय का हे डी आयओएस,कॉन्फिगमधल्या नावावरून कळतं, लोड मेंबरमध्ये जुना नंबर ठोकून लिहिलेला असेल आणि चालू आयओडीएफ नवा असेल तर ते आधी सोडवायचं. सेटलोड कमांडने पार्मलिबचा क्रम आणि आता सिंबॉलसुद्धा आयपीएलशिवाय बदलता येतात, त्यामुळे डी पार्मलिबच्या उत्तरात वर अ‍ॅट आयपीएल लिहिलंय का ते बघायला विसरू नका.

सिंटॅक्स तपासायला थोडीफार मदत मिळते. सिस१.सॅम्पलिबमध्ये आयईएसिमसीके नावाचा नमुना आहे, तो सिंबॉल लावून पार्मलिबचे मेंबर कसे दिसतील ते दाखवतो. यूनिक्सच्या बाजूच्या बीपीएक्सपीआरएम मेंबरसाठी सेटओएमव्हीएस सिंटॅक्सचेक=(पी१) अशी कमांड आहे, ती फक्त तपासते, लागू काही करत नाही, पण ती सेट घराण्यातली असल्यामुळे परवानगी सिनिअरकडूनच घ्या.

एचएमसीवर तुम्हाला बघण्यापुरता अ‍ॅक्सेस असेल तर शेवटी तिथला लोड अ‍ॅड्रेस आणि लोडपार्म पण तपासा. लोड टास्क मागच्या वेळच्या किमती दाखवतं, पण दुरुस्तीसाठी मध्ये कोणी दुसऱ्या सिसरेसवरून आयपीएल केला असेल तर तोच पत्ता तिथे बसलेला असतो. नवा सिसरेस आला की डी आयपीएलइन्फोमधला व्हॉल्यूम, चेंज रेकॉर्डमधला व्हॉल्यूम आणि एचएमसीवरचा पत्ता ज्या व्हॉल्यूमचा आहे तो, तिन्ही बघा. पत्त्यावर कुठला व्हॉल्यूम आहे ते डी यू,,,०ए८०,१ ने कळतं, तीन स्वल्पविराम बरोबर आहेत.

आणि आयपीएल अडकलाच तर एचएमसीवर डिसेबल्ड वेट दिसतो, पीएसडब्ल्यूच्या (प्रोसेसरची त्या क्षणाची स्थिती सांगणारे हेक्स आकडे) अगदी उजवीकडची तीन हेक्स अक्षरं म्हणजे वेट स्टेट कोड. रिसेट करायच्या आधी पूर्ण पीएसडब्ल्यू लिहून घ्या किंवा फोटो काढा, घाईत लोड परत दाबला की तो जातो. याच कारणासाठी प्रत्येक टीमकडे एक दुसरं लोड मेंबर तयार ठेवलेलं असावं, मागच्या वेळी नीट उठलेल्या आयईएसिसकडे बोट दाखवणारं, आणि त्याचं शेपूट ऑपरेटरच्या कागदावर लिहिलेलं. तुमच्या टीममध्ये ते कुठलं आहे हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.

आयपीएलच्या आदल्या दिवशी डी आयपीएलइन्फो, डी पार्मलिब, डी सिंबॉल्स, डी आयओएस,कॉन्फिग, डी प्रोग,एपीएफ, डी प्रोग,लिंकलिस्ट आणि डी एएसएम या सात कमांडचं उत्तर एका डेटासेटमध्ये सेव्ह करा, आयपीएल झाल्यावर त्याच सात परत टाका, आणि सुपरसीने दोन्ही समोरासमोर लावा. फरक दिसेल त्या प्रत्येक ओळीपुढे चेंज नंबर लिहिता आला पाहिजे. ज्या ओळीपुढे नंबर लिहिता येत नाही ती ओळ घेऊन त्याच सकाळी सिनिअरकडे जा, दुपारपर्यंत थांबू नका.